168 आणि 169.3: डायनोच्या कागदाने खाल्लेला एक महिना

डायनोवरून (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) परत येताना धाकटा भाऊ आणि मी गाडीत एक शब्द बोललो नाही. माझ्या मांडीवर कागद होता आणि त्यावर चाकापाशी मिळालेला आकडा होता, 169.3 हॉर्सपॉवर. आधीच्या कागदावर 168 होता. मधल्या काळात नवे पिस्टन बसवले, हेडचं फेसिंग (तळ सपाट घासणं) केलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते) 9.2 वरून 11 वर नेलं, आणि हाती आली सव्वा हॉर्सपॉवर.

पुढचा महिनाभर मी जे केलं ते करायची काही गरज नव्हती. तो राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहिते आहे. डायनोवर जाऊन फक्त मोठा आकडा वाचून घरी येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. बोअर 86 मिलिमीटर, स्ट्रोकही 86. गाडी फक्त पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी, म्हणजे 402 मीटरसाठी. इंजिन उघडणं, पिस्टन बसवणं, परत बांधणं यात काही अडलं नाही, त्यामुळे त्याबद्दल फार सांगत नाही. एक काम मात्र सांगते, कारण त्याचा मला अभिमान आहे, ते म्हणजे कॉम्प्रेशनची मोजणी. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन खालपासून वर येताना व्यापतो ती जागा, 499.6 सीसी. 11 ला 1 हवं असेल तर पिस्टन वर आल्यावर बरोबर 50 सीसी जागा उरली पाहिजे. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्यायचा, त्यावर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी दाबायची आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट थेंबाथेंबाने सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकाशी येऊन अडकतो. हेड किंचित कलतं केलं की तो सुटतो आणि तिथे आकडा वाचायचा. गॅस्केटची जागा वेगळी मोजावी लागते. आमचं गॅस्केट दाबल्यावर एक मिलिमीटर जाड आणि 87 मिलिमीटर बोअरचं, म्हणजे 5.9 सीसी. हे विसरलात तर हिशोब पार बदलतो, कारण या इंजिनात एका सीसीने कॉम्प्रेशन 0.2 ने हलतं. चारही सिलिंडर अर्ध्या सीसीच्या आत आणायला मला दोन रात्री लागल्या.

आता डायनो.

नंबर लागायलाच तीन आठवडे गेले आणि त्यात दोनदा तारीख पुढे ढकलली गेली. शेवटी गेलो तेव्हा सगळं घाईत उरकलं. तीन पुल (पूर्ण थ्रॉटलने एकेक मोजणी) झाले, कागद हातात आला. मी विचारलं, "एवढ्या कामानंतर फक्त सव्वा कसं?" काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मशीन जे दाखवतं तेच आम्ही देतो. इंजिनात बघा काहीतरी." त्यांच्या आवाजात इतका आत्मविश्वास होता की मी पुढे काही विचारलंच नाही. तिथेच थांबून विचारायला हवं होतं.

घरी आल्यावर पहिला संशय रिंगांवर गेला. लीकडाउन टेस्ट केली. प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली आणि गळती किती टक्के ते पाहिलं. चारही सिलिंडर पाच-सहा टक्क्यांत होते, म्हणजे उत्तम. तरी मी कान लावून बसले. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बुरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट. कुठे काहीच नव्हतं.

मग कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. मनात आलं, टायमिंग बेल्ट बसवताना एक दात चुकला असेल. डिग्री व्हील (अंश आखलेली चकती) लावलं, पिस्टन स्टॉपने दोन्ही बाजूंनी क्रँक फिरवून खरा टीडीसी काढला. (बाहेरच्या पुलीवरच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, रबर असलेल्या पुलीची बाहेरची कडी सरकू शकते.) मग डायल गेजवर व्हॉल्व्हच्या पूर्ण लिफ्टच्या (उघडण्याच्या) दोन्ही बाजूंचे आकडे घेऊन मध्य काढला. इनटेकची मध्यरेषा टीडीसीनंतर 108 अंशांवर हवी होती आणि तिथेच होती.

शेवटी हेड उतरवलं. हेड उतरवलं की गॅस्केट गेलंच, ते परत वापरता येत नाही. एका संध्याकाळी भावाने पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर बोटाने पुसला आणि म्हणाला, "ताई, यात काही चुकलेलं नाही गं." मी त्याच्यावर चिडले. आज लाज वाटते. त्याचं बरोबर होतं.

ते कोडं सुटलं ते हेड परत बसवायच्या आदल्या रात्री. दोन्ही कागद बॉनेटवर शेजारीशेजारी ठेवले होते आणि मी टॉर्चच्या उजेडात आलेखांचे उतार बोटाने जुळवत होते. हात खाली सरकला आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं. पहिल्या कागदावर "करेक्शन: एसटीडी". दुसऱ्यावर "करेक्शन: एसएई".

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. थंड, दाट हवेत तेच इंजिन जास्त ताकद देतं, गरम आणि विरळ हवेत कमी. म्हणून डायनो मोजलेल्या आकड्याला एका ठरावीक हवेच्या हिशोबात बसवतो. ही ठरावीक हवा कोणती, याची दोन मापं सर्रास वापरात आहेत. एसटीडी म्हणजे एसएईचंच (वाहन अभियंत्यांची संस्था) जुनं माप जे607, त्यात तापमान 15.5 अंश सेल्सिअस आणि दाब 101.3 किलोपास्कल. दुसरं, कागदावरचं एसएई, म्हणजे जे1349, त्यात 25 अंश आणि 99 किलोपास्कल. पहिल्यातली हवा थंडही आहे आणि दाबानेही जास्त, त्यामुळे त्याच इंजिनाचा आकडा तिथे फुगतो. किती, ते मी तिथेच कागदाच्या कोपऱ्यात काढलं. 101.3 भागिले 99 म्हणजे 1.023. तापमानाचा फरक वर्गमुळाने धरायचा, तो 1.016. दोन्हींचा गुणाकार 1.04. म्हणजे चार टक्के.

168 ला 1.04 ने भागलं तर 161.5. म्हणजे आम्ही 161.5 वरून 169.3 वर आलो होतो. वाढ सव्वा नव्हती, पावणेआठ हॉर्सपॉवर होती, जवळजवळ पाच टक्के. आणि कॉम्प्रेशन 9.2 वरून 11 वर नेल्यावर पुस्तकी हिशोबानेही साधारण तेवढंच मिळायला हवं. आम्ही कमावलेलं सगळंच्या सगळं दोन अक्षरांच्या फरकाने झाकलं गेलं होतं.

मी मोठ्याने ओरडले. भाऊ धावत आला, त्याला वाटलं हात चेपला.

दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, पहिल्या पुलची फाइल तुमच्याकडे आहे, तीच एसएई करेक्शनवर छापून द्या, बस. उत्तर आलं, त्यासाठी परत नंबर लावावा लागेल. मी सांगितलं की गाडी आणायची नाही, रोलर फिरवायचा नाही, सॉफ्टवेअरमध्ये एक खूण बदलायची आहे. "आमची पद्धत अशीच आहे." दोन दिवसांनी परत फोन, परत तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः गेले आणि काउंटरवरून हललेच नाही. आतून एक तरुण मुलगा आला, त्याने फाइल उघडली, यादीतून एक पर्याय निवडला, छापलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. कागदावर 161.5. ज्या दोन मिनिटांसाठी मी हेड उतरवलं, गॅस्केट घालवलं, भावाशी भांडले, ती दोन मिनिटं त्या दिवशीच कोणी दिली असती तर!

करेक्शन मुद्दाम बदललं होतं असं मी म्हणत नाही. कोणीतरी सॉफ्टवेअर नव्याने बसवलं असेल आणि ते आपलं आपण दुसऱ्या मापावर गेलं असेल. पण "इंजिनात बघा" असं सांगण्याआधी दोन्ही कागदांची तळाची ओळ बघणं हे त्यांचं काम होतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले.

तेव्हा डायनोवर गेलात तर पुल सुरू व्हायच्या आधीच करेक्शन विचारा आणि ते कागदावर आहे का बघा. करेक्शन न लावलेला आकडाही मागा, सोबत त्या वेळचं तापमान, दाब आणि आर्द्रता. दाब त्या खोलीतला हवा, हवामानाच्या बातमीतला नाही. बातमीतला दाब समुद्रसपाटीला जुळवून सांगतात, उंचावरच्या ठिकाणी तो धरलात तर सगळं चुकतं. फाइल त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन या. आणि स्मूदिंगचा (आलेख किती गुळगुळीत करून छापायचा) आकडा दोन्ही वेळी एकच ठेवा, नाहीतर आलेखाची टोकं कधी दिसतात, कधी दिसत नाहीत.

आपल्या बाजूनेही शिस्त हवी. टायरचा दाब तोच, गिअर तोच (शक्यतो 1 ला 1 च्या जवळचा), ऑइल दरवेळी सारखंच तापलेलं. गाडी बांधायच्या पट्ट्या जास्त आवळल्या तर टायर रोलरवर दबतो आणि ताकद तिथेच जिरते. पहिला पुल मी धरतच नाही. हवा-इंधनाचं मिश्रण पूर्ण थ्रॉटलला 12.5 ते 13 भाग हवेला एक भाग इंधन असं ठेवलं. कॉम्प्रेशन वाढल्यामुळे इग्निशन (ठिणगी पडायची वेळ) दोन अंश मागे घ्यावं लागलं, जास्त ऑक्टेनचं इंधन घालूनही. टायमिंग एकेक अंशाने पुढे न्यायचं आणि ताकद वाढायची थांबली की लगेच थांबायचं. नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येईपर्यंत वाट पाहिली तर पिस्टन जातो.

मनातली शंका पूर्ण गेली ती शर्यतीच्या पट्टीवर, म्हणजे ड्रॅग स्ट्रिपवर. तिथे वेळेपेक्षा शेवटचा वेग बघायचा. वेळ सुटण्यावर, टायरच्या पकडीवर, क्लचवर अवलंबून असते. 402 मीटरच्या टोकाचा वेग मात्र ताकद आणि वजन यांचं नातं बरंचसं खरं सांगतो, आणि ताकद त्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात चालते. जुन्या इंजिनावर आमचा सगळ्यात चांगला शेवटचा वेग 171.1 किलोमीटर ताशी होता. तशाच हवेच्या दिवसाची वाट पाहिली, टाकीत इंधन तेवढंच भरलं आणि गाडी सोडली. सुटणं खराब झालं, टायर फिरले, वेळ अगदी सामान्य आली. पावती घ्यायला भाऊ गेला होता. लांबूनच त्याने ती डोक्यावर धरली.

173.8.

मी हेल्मेट न काढताच फोनवर भागाकार केला. 1.0158. त्याचा घन 1.048. पावणेपाच टक्क्यांच्या थोडं वर, डायनोच्या दुरुस्त केलेल्या आकड्यांइतकंच.

एक राहिलंच. रिंगांचं गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) कानसाने वाढवताना रिंग बाहेरच्या कडेकडून आत घासायची, उलट नाही, नाहीतर बाहेरची कड तुटते. आमचं गॅप 0.38 मिलिमीटर ठेवलं होतं. आणि हेड दुसऱ्यांदा बसवताना व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मातीचा गोळा ठेवून परत मोजलं, इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटरच्या खाली जाऊ दिलं नाही. तीन कागद आता गॅरेजच्या भिंतीवर लावले आहेत, तळाची ओळ लाल पेनने अधोरेखित करून.