सर्व्हरचं फर्मवेअर अपडेट : फाइल हातात येईपर्यंतचा माझा अनुभव

एका सर्व्हरवर फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअरच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर, चढवायला तास-दीड तास लागतो. ती फाइल रीतसर हातात यायला मात्र आठवडे जाऊ शकतात, आणि हे आधी कोणी सांगत नाही. बायोस (मशीन सुरू करणारं), बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळणारा बोर्डावरचा छोटा संगणक), रेड कंट्रोलर (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड), नेटवर्क कार्ड यांचं फर्मवेअर कसं चढवायचं यावर जाडजूड मॅन्युअल आहेत. पण डाउनलोडचं बटण दाबल्यावर 'तुमच्या खात्याला या उत्पादनासाठी एंटायटलमेंट नाही', म्हणजे डाउनलोडचा हक्क नाही, असं आलं तर पुढे काय करायचं, यावर धड माहिती मिळाली नाही. म्हणून हे लिहितोय. ज्या पोर्टलवर अडकलो त्या कंपनीचं नाव घेत नाही.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा' हे वाक्य अजूनही प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. त्याला माझं एक उत्तर ठरलेलं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीने आपल्या काही सॅस एसएसडींबद्दल (सर्व्हरच्या डिस्कचा एक प्रकार) सूचना काढली होती : एचपीडी८ या आवृत्तीच्या आधीचं फर्मवेअर असेल तर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, डिस्क बंद पडणार आणि डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी जाणार, त्यामुळे रेडचा काही उपयोग नाही. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांवर बंद पडणाऱ्या आणखी काही मॉडेलांची सूचना आली. आता हिशेब करा. वॉरंटी सहसा तीन वर्षांची असते, म्हणजे पहिला दोष वॉरंटी संपून नऊ महिने झाल्यावर उगवतो. फर्मवेअरची गरज वॉरंटीबरोबर संपत नाही, हे खरेदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

आता मूळ दुखणं.

पोर्टलवर सिरियल नंबर टाकला की वॉरंटीची स्थिती 'सक्रिय' दिसते. तरीही बायोस, सीपीएलडी (बोर्डावरचा वीज सुरू होण्याचा क्रम सांभाळणारी चिप) आणि सगळ्या घटकांचं एकत्र बंडल यांना कुलूप. बीएमसीचं किंवा नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर बऱ्याचदा खुलं असतं, त्यामुळे सुरुवातीला वाटतं की पोर्टलच बिघडलंय. ते बिघडलेलं नसतं. मशीनची वॉरंटी ही एक नोंद आणि तुमच्या लॉगिनचा हक्क ही दुसरी नोंद. पहिली सिरियल नंबरावर असते, दुसरी सपोर्ट कॉन्ट्रॅक्टवर, आणि ते कॉन्ट्रॅक्ट कोणाच्या ईमेलला जोडलंय यावर सगळं अवलंबून असतं. सगळ्याच कंपन्या अशा नाहीत, हेही सांगतो : डेलची बहुतेक अपडेट पॅकेज सर्व्हिस टॅग टाकून लॉगिनशिवाय मिळतात.

कॉन्ट्रॅक्ट भलत्याच ईमेलला का जोडलेलं असतं? ऑर्डर कंपनीकडे जाते ती डिस्ट्रिब्युटर आणि सिस्टिम इंटिग्रेटर (आपल्याला मशीन विकून बसवून देणारा) यांच्या हातून. अंतिम ग्राहक म्हणून इंटिग्रेटरचा माणूस जे टाइप करतो तेच कंपनीच्या दप्तरी जातं. कधी त्याचाच ईमेल, कधी आपल्याकडून सोडून गेलेल्या माणसाचा. नावाचंही तेच : एका ऑर्डरमध्ये 'प्रा. लि.', दुसरीत 'प्रायव्हेट लिमिटेड', तिसरीत जुन्या ऑफिसचा पत्ता. कंपनीच्या लेखी हे तीन वेगळे ग्राहक. मग सपोर्ट म्हणतो इंटिग्रेटरला विचारा, इंटिग्रेटर म्हणतो कंपनीला विचारा. दोघंही नम्रपणे बोलतात आणि काम तसूभर हलत नाही. महत्त्वाची सुरक्षा दुरुस्ती समोर दिसतेय, मशीनचे पैसे भरलेत, वॉरंटी चालू आहे, आणि फाइल मिळत नाही, याचा संताप मला आजही येतो.

यातून बाहेर काढलं ते पुढच्या गोष्टींनी.

पहिलं म्हणजे तिकीट तांत्रिक विभागात टाकू नका. तिथला इंजिनिअर खात्याच्या नोंदी पाहू शकत नाही. तो लॉग मागतो, लॉग पाहून 'हार्डवेअर ठीक आहे' म्हणून तिकीट बंद करतो. कॉन्ट्रॅक्ट किंवा पोर्टल-ॲक्सेस असा वेगळा प्रकार यादीत खाली कुठेतरी असतो, तो निवडा.

सिरियल नंबर एकटा देऊ नका, प्रॉडक्ट नंबरही द्या. दोन्ही समोरच्या ओढून काढायच्या टॅगवर असतात, बीएमसीच्या पानावर असतात, आणि लिनक्सवर डीएमआयडीकोड या कमांडच्या सिस्टिम विभागात सिरियल आणि एसकेयू म्हणून दिसतात. रॅकपर्यंत जायची गरज नाही.

कागदपत्रांत टॅक्स इनव्हॉइस मागतात. इनव्हॉइसवर बहुधा फक्त 'सर्व्हर, अमुक नग' एवढंच असतं. सिरियल नंबर असतात डिलिव्हरी चलानावर. ते चलान स्टोअरमध्ये किंवा अकाउंट्सच्या फाइलीत पडलेलं असतं, शोधून दोन्ही एकत्र स्कॅन करून जोडा. सोबत इंटिग्रेटरच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या : ही मशीन आम्ही अमुक ग्राहकाला विकली, कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या खात्याला जोडायला आमची हरकत नाही. पत्राचा मसुदा आपणच लिहून द्यावा, म्हणजे सही लवकर होते. मेल कंपनीच्या डोमेनवरूनच पाठवायचा. जीमेलवरून आलेली विनंती पुढे सरकत नाही.

आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते हे : कंपनीचा सपोर्ट, इंटिग्रेटर आणि कंपनीचा विक्री प्रतिनिधी या तिघांना एकाच मेलमध्ये ठेवलं, सगळ्या सिरियल-प्रॉडक्ट नंबरांची एक एक्सेल जोडली, आणि 'कॉन्ट्रॅक्ट क्रमांक काय व तो कोणाच्या ईमेलला जोडलेला आहे' एवढाच प्रश्न विचारला. वेगवेगळ्या मेलवर टोलवाटोलवी करता येते, एका मेलवर नाही. कॉन्ट्रॅक्ट क्रमांक कळला की निम्मं काम झालं. जोडणी झाल्याचा मेल आल्यावरही कुलूप लगेच निघत नाही. नोंदी एकमेकांशी जुळायला वेळ जातो. लॉगआउट करून दुसऱ्या दिवशी पाहा, नवीन तिकीट टाकू नका.

एएमसी (वार्षिक देखभाल करार) थर्ड पार्टीला दिली असेल तर त्यांना आधीच लेखी विचारा. ते पार्ट देतात, इंजिनिअर पाठवतात, पण मूळ कंपनीच्या फर्मवेअरचा हक्क त्यांच्या कराराने आपल्याला मिळत नाही. स्वस्त एएमसीच्या कागदावर हा फरक कुठे लिहिलेला नसतो. निविदा काढत असाल तर 'फर्मवेअर व बायोस डाउनलोडचा हक्क ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यात, कराराच्या पूर्ण मुदतीसाठी' ही ओळ घालाच. आणि वैतागून कुठल्यातरी शेअर-लिंकवरून बायोस उतरवू नका. नव्या मशीन कंपनीची डिजिटल सही नसलेलं फर्मवेअर नाकारतात, जुन्या सगळ्याच नाकारतात असं नाही. शिवाय तो परवान्याचा भंग आहे. अधिकृत फाइलचाही शा-२५६ हॅश (फाइलमधून काढलेला ठसा) पानावर दिलेल्या हॅशशी जुळवूनच पुढे जायचं.

फाइल मिळाल्यावरचं काम त्यामानाने सरळ आहे. मार्ग तीन : बीएमसीतून, ऑपरेटिंग सिस्टिममधून, किंवा बूट होणाऱ्या आयएसओवरून (पूर्ण डिस्कची एकच फाइल).

मी बीएमसीचा मार्ग धरतो. डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयलो, लेनोवोचं एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, सगळ्यांत फाइल चढवता येते. बीएमसीचं स्वतःचं फर्मवेअर लगेच लागतं, आणि बायोससारखं बाकीचं पुढच्या रीबूटला लागायला रांगेत थांबतं. ऑपरेटिंग सिस्टिम कुठली याचा संबंध नाही. मशीन जास्त असतील तर रेडफिश (बीएमसीला स्क्रिप्टमधून हुकूम द्यायची प्रमाणित पद्धत) वापरा. अपडेट सर्व्हिसखालची फर्मवेअर इन्व्हेंटरी आधी उतरवून ठेवायची, म्हणजे कुठल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते कळतं; मग सिंपल-अपडेट या हुकमाला आपल्या एचटीटीपी सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता द्यायचा आणि मिळालेलं टास्क पूर्ण होईपर्यंत विचारत राहायचं. स्क्रिप्टमध्ये 'विनंती स्वीकारली' यालाच यश समजू नका. टास्क संपल्यावर इन्व्हेंटरी पुन्हा वाचून आवृत्ती बदललीय का ते पाहा.

ऑपरेटिंग सिस्टिममधला मार्ग ड्रायव्हरही सोबत बदलायचे असतील तेव्हा बरा. आयएसओचा मार्ग खूप जुन्या, अनेक आवृत्त्या मागे राहिलेल्या मशीनसाठी. पण आयएसओ लॅपटॉपवरून व्हीपीएनमधून व्हर्च्युअल मीडिया (दुरून जोडलेली डिस्क) म्हणून जोडू नका. १० जीबीची आयएसओ सेकंदाला २ एमबीने वाचायची तर सव्वा तासाहून जास्त वेळ नुसत्या वाचनात जातो, आणि मध्येच लॅपटॉप झोपला तर काम अर्धवट. आयएसओ डेटा सेंटरमधल्याच वेब सर्व्हरवर ठेवा आणि बीएमसीला तिचा पत्ता द्या.

क्रम : आधी बीएमसी, मग बायोस, नंतर रेड कंट्रोलर, बॅकप्लेन (डिस्क जिथे बसतात तो बोर्ड), डिस्क आणि नेटवर्क कार्ड. बाकीची पॅकेज बीएमसीच उलगडणार असते, आणि जुनं बीएमसी नव्या पॅकेजची रचना ओळखत नाही, म्हणून तो पहिला. आवृत्ती फार जुनी असेल तर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. रिलीज नोटमध्ये मधला टप्पा सांगितलेला असतो. तीही फाइल कुलपातच असते, म्हणून हक्क मिळाल्या मिळाल्या मधल्या आवृत्त्याही उतरवून ठेवा. बीएमसी रीसेट होताना काही मिनिटं पिंग जातो, पंखे जोरात फिरू शकतात. सर्व्हर चालूच असतो. वायर ओढू नका. बायोसनंतर मेमरी ट्रेनिंग (रॅमची जुळवणी) नव्याने होतं. रॅम भरपूर असेल तर स्क्रीन बराच वेळ काळी राहते, मशीन दोन-तीनदा आपोआप रीबूट होते. मेंटेनन्सची वेळ मागताना हे धरूनच मागा.

वर सांगायचं राहिलं ते असं की विंडोजवर बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर बायोसआधी तो सस्पेंड करा, आणि किती रीबूटपर्यंत तेही ठरवून द्या. बायोस बदलला की टीपीएम या सुरक्षा चिपमधली मोजमापं बदलतात आणि मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसतं. लिनक्सवर टीपीएमला बांधलेलं लक्स (तिथलं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर पासफ्रेज हाताशी ठेवा.

रेड कंट्रोलरला हात लावण्याआधी ॲरे (डिस्कचा संच) ऑप्टिमल आहे ना, रीबिल्ड चालू नाही ना हे पाहा. बायोसची सेटिंग एक्स्पोर्ट करून ठेवा, अपडेटनंतर बूटचा क्रम बदललेला सापडू शकतो. व्हीएमवेअरवर नेटवर्क कार्ड आणि एचबीए (स्टोरेज जोडणारं कार्ड) यांचं फर्मवेअर एकटं पुढे नेऊ नका. सुसंगततेच्या यादीत ड्रायव्हर आणि फर्मवेअरची जोडी दिलेली असते, तीच ठेवायची. व्हीसॅन (व्हीएमवेअरचं स्टोरेज) असेल तर हे आणखी काटेकोरपणे. मेलानॉक्सच्या (आता एनव्हिडियाच्या) नेटवर्क कार्डांना पीएसआयडी (कार्डाच्या प्रकाराचा ओळख-कोड) असतो. सर्व्हर कंपनीच्या शिक्क्याच्या कार्डाचा पीएसआयडी वेगळा, त्यामुळे एनव्हिडियाच्या पानावरची सर्वसाधारण फाइल त्यावर बसत नाही. पीएसआयडी बदलून बळजबरीने बसवता येते, पण मग सर्व्हर कंपनी त्या कार्डाची जबाबदारी घेणार नाही.

नवीन आवृत्ती आली की लगेच चढवायची का? बायोससाठी माझं उत्तर 'नाही'. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा दोषासाठी घाईने आलेल्या मायक्रोकोडमुळे (बायोसमधून येणारं प्रोसेसरचं फर्मवेअर) मशीन अचानक रीबूट होऊ लागल्या आणि २२ जानेवारीला इंटेलनेच वाटप थांबवायला सांगितलं. दोन आठवडे एका कमी महत्त्वाच्या मशीनवर ठेवून पाहावं. बीएमसीच्या सुरक्षा दुरुस्तीला मात्र थांबू नये. एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधला लॉगिन टाळून आत शिरू देणारा दोष, सीव्हीई-२०२४-५४०८५, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दोषांच्या यादीत घातला. बीएमसी वेगळ्या व्हीलॅनवर (वेगळं काढलेलं नेटवर्क) असला तरी दुरुस्ती हवीच.

सीपीएलडीला नुसतं रीबूट पुरत नाही, वीज पूर्ण तुटावी लागते. नव्या मशीनवर बीएमसीतून पूर्ण पॉवर सायकल देता येते. जुन्यावर डेटा सेंटरच्या माणसाला दोन्ही केबल काढायला सांगा, एकच काढली तर काही होत नाही. पॉवर सप्लायचं अपडेट चालू असताना तर केबलला कोणी हात लावता कामा नये. आयलो ५ मध्ये डाउनग्रेड कायमचं बंद करायचा पर्याय आहे. तो एकदा निवडला की परत फिरवता येत नाही, तेव्हा धोरण म्हणून लेखी ठरल्याशिवाय निवडू नका.

एंटायटलमेंटबद्दल आणखी एक गोष्ट. मदरबोर्ड बदलला असेल तर नव्या बोर्डात सिरियल आणि प्रॉडक्ट नंबर काही मॉडेलमध्ये हाताने भरावे लागतात. इंजिनिअरने ते कोरे सोडले किंवा एक अक्षर चुकवलं तर वॉरंटीत असलेली मशीन पोर्टलला ओळखूच येत नाही. जॉब शीटवर सही करण्याआधी बीएमसीच्या पानावरचे दोन्ही नंबर टॅगशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि इंजिनिअर समोर असतानाच दुरुस्त करून घ्या.