पितृपक्षातली सुरुवात

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत.

‘पार्किंगचे पैसे फुकट गेले असं म्हणायचं नाही हं आई,’ असं लेकीने परतताना गाडीत तीनदा बजावलं. म्हणून इथे लिहिते. पार्किंगचे पैसे फुकट गेले.

डॉजर स्टेडियमला उशिरा पोचण्यात लॉस एंजेलिसकरांचा हात कोणी धरणार नाही, आणि एवढ्या वर्षांत मीही त्यांच्यातलीच झाले आहे. सहा वीसचा बेसबॉलचा सामना, प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा. आमचे डॉजर्स आणि ॲरिझोना. गाडी लावून, चढण चढून आत आलो तर बाईसाहेबांना नाचोज हवे. रांगेत थांबलो. तेवढ्यात आतून लोकांचा आवाज आला. जल्लोष नव्हता, शिव्याही नव्हत्या. टायरमधली हवा जावी तसा पन्नास हजार माणसांचा एक सुस्कारा. जागेवर पोचलो तेव्हा फलकावर ॲरिझोना ५, आम्ही ०, आणि आउट एकही नाही. तीन झाल्याशिवाय त्यांची पाळी संपत नाही. हातातले नाचोज अजून गरम होते.

आणि मैदानाच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, सुरुवातीला चेंडू टाकणारा आमचा पिचर, क्लेटन कर्शॉ.

आम्ही जे चुकवलं ते नंतर फोनवर पाहिलं. पहिलाच फलंदाज केटेल मार्टे, त्याचा उंच फटका, आणि सेंटर फील्डला जेम्स आउटमनच्या ग्लोव्हला लागून सुटलेला चेंडू. आडनाव आउटमन, पण आउट काही झालं नाही. मग एकामागून एक फटके आणि शेवटी गॅब्रिएल मोरेनोचा तीन धावांचा होम रन, म्हणजे सिक्सरसारखा कुंपणापार फटका. आमच्या डोळ्यांदेखत कर्शॉला एक आउट मिळाला, मग एक वॉक (फलंदाजाला फुकटचा बेस), मग लाँगोरियाचा डबल (दोन बेसचा फटका), आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स त्याला उतरवायला, चेंडू घ्यायला चालत आला. एक आउट, सहा धावा. कर्शॉच्या सोळा वर्षांच्या कारकिर्दीतली सगळ्यांत छोटी सुरुवात. ११-२ हरलो.

समोर ॲरिझोनाचा पिचर मेरिल केली होता. आमच्याविरुद्ध आजवर अकरा सामने हरलेला आणि एकही न जिंकलेला. मला वाटलं होतं, चला, आज निवांत बघू. तो नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत टिकला आणि त्याने एकही धाव दिली नाही.

निघताना नवरा म्हणाला होता, ‘पितृपक्षात कसली गं सुरुवात करताय?’ त्याला सामना म्हणायचा होता. आता वाटतं, कर्शॉला कोणीतरी हे सांगायला हवं होतं. हसू नये, इथे याला दाखला आहे. शेजारचे आजोबा नेहमी सांगतात. १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र उपासाच्या दिवशी आला, म्हणून डॉजर्सचा ज्यू पिचर सँडी कोफॅक्सने तो टाकायला नकार दिला. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेल आला आणि तिसऱ्या इनिंगमध्येच सात धावा देऊन गेला. पण कोफॅक्सने पुढे पाचवा सामना जिंकला, आणि दोनच दिवसांच्या विश्रांतीवर सातवाही, दोन्हींत एकही धाव न देता. माणसाने पाळावं तर असं पाळावं.

८ ऑक्टोबर, रविवार

झोप लागली नाही. पहाटे सहाला फोन उघडला तर क्रिकेट वर्ल्ड कपमध्ये, चेन्नईत भारत ३ बाद २. रोहित, किशन, श्रेयस, तिघंही शून्यावर. बारा तासांत दुसऱ्यांदा पोटात गोळा. फोन पालथा घालून चहा टाकला. कोहली ८५, राहुल नाबाद ९७, सहा विकेट राखून जिंकलो.

नवऱ्याने लगेच पकडलं. ‘बघ, क्रिकेटमध्ये सावरता येतं.’ वीस वर्षं समजावते आहे, तरी त्याला स्टार्टिंग पिचर हा ओपनिंग बोलरच वाटतो. बुमराचा स्पेल खराब गेला तर त्याला काढता येतं, चाळिसाव्या ओव्हरला परत आणता येतं. दुसऱ्या टोकाने कोणीतरी टाकत असतं. स्टार्टरला दुसरं टोकच नाही. प्रत्येक चेंडू तोच टाकतो, दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत, आणि एकदा उतरवला की त्या दिवशी परत नाही. तो पाच दिवसांतून एकदा येतो. संध्याकाळ त्याच्या नावाची असते. ‘आज कोणाचा सामना?’ असं विचारलं की आम्ही संघाचं नाव सांगतच नाही, पिचरचं सांगतो.

मला हे सगळं कोणी शिकवलं नाही. ४०५ हायवेवरच्या ट्रॅफिकने आणि गाडीतल्या रेडिओवरच्या डॉजर्सच्या समालोचकाने, विन स्कलीने शिकवलं. डोंबिवलीत बाबा कानाला ट्रान्झिस्टर लावून बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकायचे. इथे आल्यावर कंटाळून एकदा रेडिओ लावला, आणि एक म्हातारा आवाज पिचर बुटाची नाडी बांधतोय हेसुद्धा गोष्टीसारखं सांगत होता. मी नियम शिकण्याआधी तो थांबा शिकले, चेंडू हातात आणि कोणी काही बोलत नाही तो. म्हणून पिचर पहिल्याच इनिंगमध्ये गेला की मला धावांपेक्षा जास्त, कोणीतरी गोष्ट सुरू करून उठून गेल्यासारखं वाटतं.

कर्शॉ म्हणे पत्रकारांना म्हणाला की लाज वाटते, सगळ्यांना तोंडघशी पाडलं. आता याच्यावर रागवायचं तरी कसं? पस्तीस वर्षांचा आहे, खांदा दुखतोय हे सगळ्या शहराला माहीत आहे. तरी यंदा १३ जिंकले, ५ हरला, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) २.४६. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचे तीन साय यंग पुरस्कार आहेत घरात. आणि दरवर्षी ऑक्टोबर आला की हे. २०१९ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध मदतीला आला आणि आठव्या इनिंगमध्ये लागोपाठ दोन होम रन, रेंडन आणि सोटो. डगआउटमध्ये एकटा बसलेला तो मला अजून दिसतो. २०२० ला वर्ल्ड सिरीजमध्ये दोन सामने जिंकून दिले तेव्हा मी स्वयंपाकघरात रडले होते. पण ते वर्ष करोनाचं, साठ सामन्यांचं. लोक लगेच ‘हो, पण’ म्हणतात. मी म्हणत नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज बॉबी मिलर. चोवीस वर्षांचा, पहिलंच वर्ष, ताशी शंभर मैलांनी टाकणारा. पहिल्या इनिंगमध्ये तीन धावा. दुसरी संपायच्या आत बाहेर. ४-२ हरलो.

आजच बातमी आली की २०२८ च्या इथल्या ऑलिम्पिकसाठी क्रिकेट आणि बेसबॉल दोन्हींची शिफारस झाली आहे. एरवी मी आईला लगेच फोन केला असता. तिला आधी मीच सांगितलं असतं की लॉस एंजेलिस डोंबिवलीइतकंच जवळ आलं. आज फोन केला नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

सकाळ रोहितची. दिल्लीत अफगाणिस्तानविरुद्ध ८४ चेंडूंत १३१, वर्ल्ड कपमधलं सातवं शतक, सचिनच्या पुढे. बोरिवलीचा मुलगा. ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. दोघांना कळलं.

संध्याकाळी ॲरिझोनाच्या मैदानात, फीनिक्समध्ये, लान्स लिन.

हे जे लिहायचं आहे त्यासाठी आधी लिनबद्दल चांगलं लिहून घेते. माणूस कष्टाळू आहे, तोंड चुकवत नाही, आणि जुलैअखेर आमच्याकडे आल्यावर बरे सामने टाकले. पण यंदा अख्ख्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त होम रन त्यानेच खाल्लेत, ४४. हे लपलेलं नव्हतं. पेपरवाल्या पोरालाही माहीत होतं. तर तिसऱ्या इनिंगमध्ये काय झालं? पर्डोमोचा होम रन. मार्टेचा होम रन. वॉकरचा होम रन. मग मोरेनोने एक मारला, तो तपासून फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, ठरवला. मी ‘चला, सुटलो’ म्हणून पाणी प्यायला उठले. पुढच्याच चेंडूवर परत. एका इनिंगमध्ये चार होम रन, प्लेऑफच्या इतिहासात पहिल्यांदा. ते बघायला लोक म्हणे तिकिटं काढतात. मी तर पाणी प्यायला उठले होते.

४-२. तीन सामने, संपलं. शंभर सामने जिंकलेला संघ चौऱ्याऐंशी जिंकलेल्याकडून तीनही हरला, आणि तिन्ही सामन्यांत मिळून एका क्षणालाही पुढे नव्हता. २०१३ मध्ये याच मैदानात विभाग जिंकल्यावर आमच्या लोकांनी त्यांच्या आवारातल्या पोहण्याच्या तलावात उड्या मारल्या होत्या. ते त्यांनी दहा वर्षं लक्षात ठेवलेलं दिसतंय. हक्कच आहे त्यांचा.

जेवायच्या टेबलावर पाकिटाच्या मागे हिशेब केला. तीन सामन्यांत आमच्या संघाला मिळून ७८ आउट मिळाले, त्यातले स्टार्टर्सनी मिळवलेले १४. दिलेल्या धावा १९, त्यातल्या स्टार्टर्सच्या १३. उरलेल्या ६४ आउटमध्ये रिलीव्हर्सनी, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरांनी, सहाच दिल्या. म्हणजे बिचारी बुलपेन, ही रिलीव्हर्सची फळी, तीन दिवस दुसऱ्यांची भांडी घासत होती.

लेकीने पाकीट बघितलं आणि म्हणाली, ‘आई, आपले फलंदाज बघ. मूकी बेट्स अकरात शून्य हिट. फ्रीमन दहात एक. आपण तीन सामन्यांत सहाच धावा केल्या. कोफॅक्स जरी असता तरी काय?’ खरं आहे. उत्तर नाही माझ्याकडे. तरीही मी स्टार्टर्सवरच बोलणार. सासू दोन सुनांत एकीवरच बोलते तसं म्हणा.

पण खरं सांगायचं तर माझा राग या तिघांवर नाहीच. एक दुखऱ्या खांद्याचा ज्येष्ठ, एक कालचं पोर आणि एक उधार आणलेला, हे घेऊन कोण ऑक्टोबरला निघतं? बाकीचे पिचर कुठे? ब्यूलर वर्षभर कोपराच्या ऑपरेशनमुळे बाहेर. डस्टिन मेचं ऑपरेशन जुलैत, गोन्सोलिनचं सप्टेंबरात. उरियास अटकेनंतर सक्तीच्या रजेवर, आणि त्याबद्दल मला संघासाठी हळहळायचंही नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला डेट्रॉइटचा पिचर एदुआर्दो रोद्रिगेस याला आणायचं ठरलं होतं. त्याच्या करारात नकाराचा हक्क होता, तो त्याने वापरला. आणि मग? दुसऱ्या दाराची कडी कोणी वाजवली? लग्न मोडल्यावर मुलीचा बाप जसा हात टेकून बसतो तसे बसले. एकशे बासष्ट सामने फलंदाजांनी आणि बुलपेननी ओढून नेले, आणि त्या शंभर विजयांनी भगदाड झाकलं गेलं. कर्शॉला शेवटचा माणूस म्हणून नव्हे, पहिला म्हणून उभं केलं. हल्ली स्टार्टर पाच इनिंग टाकला तरी टाळ्या वाजवतात. तेवढं मागायचीही हिंमत नव्हती, मी तर तीन मागत होते.

आईचा फोन आला. ‘तुमचा तो डावखुरा कसा आहे?’ सांगितलं. ती म्हणाली, ‘मग त्याला घरी बसवायचं ना. खांदा दुखत असेल तर मी साधी कणीक मळत नाही.’

१४ ऑक्टोबर, शनिवार, सर्वपित्री

सकाळी उठेपर्यंत अहमदाबादचा निकाल लागत आला होता. पाकिस्तान २ बाद १५५ वरून १९१ ला सगळे बाद. बुमरा सामनावीर. सुरुवात करणारा गोलंदाज असा असतो, हे मी मोठ्याने म्हणाले. घरात कोणी प्रतिक्रिया दिली नाही.

नऊच्या सुमाराला खंडग्रास ग्रहण. ते सुटल्यावर बाबांच्या नावाने पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं. इथे कावळ्यांना तोटा नाही, समोरच्या पामच्या झाडावर चार बसले होते. एकही हलेना. दहा मिनिटं झाली. लेकीच्या लग्नाचं बघू म्हणून झालं, आईला उन्हाळ्यात इकडे आणू म्हणून झालं. पंधरा मिनिटं.

नवरा आतून म्हणाला, ‘अगं, हिवाळ्यात नवे स्टार्टर घेतील म्हणून सांग.’

सांगितलं. शपथेवर लिहिते, कावळा उतरला. वडा घेऊन गेला, खिरीला तोंड लावलं नाही.

कर्शॉचा करार एका वर्षाचाच होता, तो संपला. त्याचं नाव मी घेतलं नव्हतं. आता २२ नंबरची जर्सी धुऊन वाळत घातली आहे, त्याच कठड्यावर, पान उचलल्यावर.