‘शेजारी’ म्हणजे कुणाच्या?

आमचं निफाड तालुक्यातलं गाव म्हणजे मळ्यामळ्यात विखुरलेल्या वस्त्या. मधे ऊस, उसात बिबट्या. रात्री हाक मारली तर पलीकडच्या बांधापर्यंतही पोचत नाही. म्हणून ग्रामसभेत ठरलं, ग्राम सुरक्षा यंत्रणेत गाव घालायचं. या यंत्रणेची मूळ कल्पना डी. के. गोर्डे यांची. नोंदलेल्या मोबाइलवरून १८०० २७० ३६०० या टोल फ्री नंबरवर बोलायचं. तोच आवाज गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. बटणांचा फोनही चालतो, नेट लागत नाही.

यादी माझ्या गळ्यात पडली. दोन दिवसांचं काम समजून बसलो होतो, तीन आठवडे गेले. घरटी एकच नंबर मिळायचा, तोही कर्त्या माणसाचा, जो दिवसभर पिंपळगावच्या बाजार समितीत. “काकू, तुमचाही द्या,” म्हटलं की, “माझा कशाला, हे आहेत की!” शेवटी गावातल्या आशा सेविकेला, आशाताईंना, बरोबर घेतलं, तेव्हा बायकांचे नंबर मिळाले. ऊसतोड टोळीचे नंबर घेतले तर एकाने तोंड वाकडं केलं, “ते काय कायमचे आहेत का इथे?” अरे, पण बिबट्याच्या सगळ्यात जवळ कोप्या त्यांच्याच!

चाचणीचा कॉल निम्म्या लोकांनी कर्जवाल्यांचा समजून कापला. दुसऱ्या वेळी आधी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं.

खरी वेळ आली फेब्रुवारीत. भर दुपारी तारा घासल्या, ठिणगी पडली, चुलत्यांच्या उसाचं पाचट पेटलं. मी नंबर फिरवला आणि ओरडलो, “लवकर या, आपल्या शेजारी ऊस पेटलाय!” फोन ठेवला. सगळ्या गावाने ऐकलं आणि जो तो आपापल्या शेजाऱ्याच्या मळ्याकडे पळाला. एकाचा मला उलटा फोन, “अरे, शेजारी म्हणजे कुणाच्या?” नावसुद्धा सांगितलं नव्हतं मी.

पुन्हा फोन केला. या वेळी नाव सांगितलं, कॅनॉलच्या अलीकडची विजेची डीपी ही खूण सांगितली, फवारणीचे ब्लोअर पाण्याने भरून आणा म्हटलं, वायरमनला लाइट बंद करायला सांगा म्हटलं. मग मात्र द्राक्षवाल्यांचे ट्रॅक्टर रांगेने आले. औषध फवारायच्या त्या टाक्यांनी पाण्याचा मारा केला, पोरांनी कोयत्याने मधला पट्टा तोडून आग अडवली. दीड एकर गेला, साडेतीन वाचला. पहिल्याच फोनला धड बोललो असतो तर अर्धा एकर तरी आणखी वाचता.

२०२३ मध्ये सरकारी चाचणीचा इशारा मोबाइलवर कर्कश वाजला, तेव्हा आमच्या आजीने फोन उशीखाली दाबला होता. आमच्या यंत्रणेचा कॉल मात्र ती शेवटपर्यंत ऐकते, आवाज ओळखीचा असतो म्हणून.

आता घराघरात फोनजवळ चिठ्ठी चिकटवली आहे: नाव, वस्ती, खूण, काय झालं, काय आणायचं. दिवाळीनंतर टोळ्या आल्या की यादी पुन्हा करायची आहे. गेल्या वर्षीचे कितीतरी नंबर बंद लागतात.