तीर्थनचे ट्राउट: फ्लाय बदलण्याआधी खोली बदला

तीर्थन ही हिमाचलातल्या कुल्लू जिल्ह्यातली ट्राउट माशांची नदी. औटच्या बोगद्याआधी मनालीचा रस्ता सोडायचा, लारजी-बंजार करत गुशैणी गाठायची. रस्त्याबद्दल एवढंच, बाकी जागा मला पाण्यासाठी हवी आहे.

मे महिन्यात सकाळी तीर्थन इतकी नितळ असते की तळाचे गोटे दिसतात. दुपारनंतर वरचं बर्फ वितळून पाणी चढतं, दुधी होतं. म्हणून फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-धाग्यांनी गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासेमारी, सकाळीच. चार किंवा पाच वेटची (हलक्या दोरीची) काठी, नऊ फुटी लीडर (दोरीच्या टोकाची निमुळती तंगूस), ५एक्स टिपेट (तिचं बारीक टोक). पाणी गढुळलं तर जरा जाड ४एक्स लावून १० नंबरच्या गळाचा काळा वुली बगर (छोट्या माशासारखी फ्लाय) काठालगत ओढायचा.

पाण्यातला एखादा गोटा उलटून बघा. खाली वाळूच्या कणांचं घर करून चिकटलेल्या कॅडिस या उडत्या किड्याच्या अळ्या दिसतील. ट्राउट बहुतेक वेळ हेच खातो, तेही तळाशी. त्यामुळे पृष्ठभागावर मासा उसळत नसेल तर १४ नंबरची, टंगस्टन मणी असलेली फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निम्फ (अळीसारखी बुडणारी फ्लाय) बांधावी. लोकरीचा इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता झुपका) फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर.

इथेच बहुतेकांचं बिनसतं. मासा लागला नाही की डबी उघडून फ्लायमागून फ्लाय बदलत बसतात, आणि निम्फ मात्र अर्ध्या पाण्यातून वाहत असते! इंडिकेटर अधूनमधून अडखळला तर निम्फ तळ चाटते आहे. एकदाही अडखळला नाही तर वजन वाढवा. तो फेसापेक्षा जोरात धावत असेल तर दोरी फ्लायला ओढते आहे. मधली दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. मोठ्या खडकामागे वेगवान आणि संथ पाणी जिथे भिडतं, ती शिवण आधी धुंडाळा. संध्याकाळी कॅडिस उडू लागले आणि पाणी फार चढलेलं नसेल, तर १४ किंवा १६ नंबरची एल्क हेअर कॅडिस (पाण्यावर तरंगणारी फ्लाय). तिच्यासारखं सुख नाही.

मला खरा संताप येतो तो फोटोसाठी कोरड्या हातात मासा धरून उभ्या राहणाऱ्यांचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. हात ओले करा, गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका, मासा पाण्यातच सोडवा.

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावाच लागतो. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, तेव्हा ट्राउटची वीण चालू असते. त्या महिन्यांत काठी घरीच ठेवा.