सोलापुरात बसून समुद्री गोगलगायी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी समुद्री गोगलगायींची चित्रं असलेली टपाल तिकिटं जमवतो. सोलापुराला समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. तिकिटंच जमवायची तर गांधीजींची जमव, रेल्वेची जमव, या बिनशंखाच्या गोगलगायी कुठून काढल्यास, असं घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो.

पूर्वी मी म्हणायचो, पुढे किंमत येईल. समोरच्याला गप्प करायला ते पुरायचं. पण असली बरीच तिकिटं छोटे देश संग्राहकांवर नजर ठेवूनच छापतात, त्यांना भाव कुठून येणार? आता तसं सांगत नाही.

कारण रंग आहे. न्यूडिब्रँक म्हणतात त्या या गोगलगायी. तीन हजारांच्या आसपास जाती. अळी असताना शंख असतो, मोठ्या होताना तो गळून पडतो. मग बऱ्याच जणी स्पंज खाऊन त्यातलं विष अंगात साठवतात आणि भडक रंगानं माशांना बजावतात, लांब राहा. बोटाच्या पेराएवढा निळा ग्लॉकस तर पोर्तुगीज मॅन ओ' वॉर या जेलीफिशसारख्या विषारी जिवाला खातो आणि त्याच्याच दंशपेशी शस्त्र म्हणून वापरतो. बहुतेकींचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. मेल्यावर अल्कोहोलात ठेवलं की रंग उतरतो, बरणीत फिकट गोळा उरतो. मग तो रंग कागदावर जपावासा वाटला तर बिघडलं कुठे?

आमच्या आण्णांना हे सांगावं लागलं नाही. चादरींचं सूत रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. स्पॅनिश डान्सर या लालभडक गोगलगायीचं तिकीट भिंगाखाली धरून म्हणाले, "असा लाल पक्का बसवणं सोपं नाही." कशाला, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

आण्णा अतिदक्षता विभागात होते तेव्हाची गोष्ट. आत एकालाच सोडायचे, ती रात्र दादाची होती. मला घरी झोप येईना. एका पाकिटावरचं तिकीट कापून कोमट पाण्यात टाकलं. डिंक सुटेपर्यंत थांबावं लागतं, ओढलं तर कागद फाटतो. सुटलं की चिमट्यानं उचलायचं, टीपकागदावर पालथं ठेवायचं. तेवढा वेळ हात थरथरायचे थांबले. पहाटे दादा डबा न्यायला आला, त्यानं ती वाटी पाहिली. काही बोलला नाही.

बोलला तो तेराव्याला, पंगत उठल्यावर, सगळ्या नातेवाइकांसमोर. "बाप मरत होता आणि हा तिकिटं भिजवत बसला होता." मामींनी पदर तोंडाला लावला. मी उत्तर दिलं नाही. काय सांगणार होतो? दवाखान्याच्या बाकावर नुसता बसून राहिलो असतो तर दुःख जास्त खरं ठरलं असतं? हे तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या पंगतीत बोलता आलं नसतं.

त्यानंतर वर्षभर अल्बम कपाटातून काढला नाही. तेव्हाचा मी म्हणायचा, दादाचं खरं आहे. आताचा मी म्हणतो, आण्णा घरी असते तर भिंग मागून घेऊन शेजारी बसले असते. यावर तेव्हाचा मी विचारतो, तुला काय माहीत? ते मला खोडता येत नाही.

दादा सणावाराला येतो, जेवतो, त्या खोलीत पाऊल टाकत नाही. मीही बोलावत नाही. तिकिटं पुन्हा भिजवतो, रात्रीच.