डिग्री कमी लागलेलं दूध

लिटरभर पाणी साधारण 1000 ग्रॅम भरतं, तर गायीचं चांगलं दूध 1028 ते 1030 ग्रॅम. यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे आमच्या संकलन केंद्रावरची ‘डिग्री’. पाणी मिसळलं की दूध हलकं होतं, लॅक्टोमीटर (घनता मोजायला दुधात तरंगत ठेवतात ती काचेची नळी) जास्त बुडतो आणि डिग्री उतरते. रांगेतल्या प्रत्येकाला एवढं पाठ असतं.

त्या सकाळी जवळच्या वस्तीवरच्या एक आजी धार काढून तशीच किटली घेऊन आल्या. डिग्री लागली 25. मागून कुणीतरी बोललंच, “पाणी हाय.” आजींचा चेहरा उतरला. “गायीची आण घेते रं लेकरा, थेंब घातला नाही.”

किटलीला हात लावला तर चांगली गरम. थर्मामीटर बुडवला, 35 अंश. आमचा लॅक्टोमीटर 27 अंशांसाठी आखलेला. गरम दूध फुगतं, म्हणजे वजन तेवढंच पण जागा जास्त, आणि घनता कमी. शिवाय ताज्या धारेचा फेस, दुधात अडकलेली हवा, अजून पातळच असलेला स्निग्धांश. पाण्याचा थेंब नसतानाही डिग्री पाडायला एवढं पुरतं. रांग बघून आकडा लिहून मोकळं होणं सोपं असतं, पण त्यात एका बाईची अब्रू जाते. नमुना गार पाण्याच्या बादलीत ठेवला, फेस बसू दिला. दूध 27 अंशांवर आल्यावर हलकं ढवळून जारच्या कडेने ओतलं. लॅक्टोमीटर कडेला न टेकता स्थिर झाला: 29. फॅट, म्हणजे स्निग्धांश, 4.1 टक्के.

त्याच रांगेत पुढे एक कॅन आला. गार दूध, डिग्री तीच, 29. फॅट मात्र 2.3! स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे साय काढली की उरलेलं दूध जड होतं, डिग्री चढते. मग पाणी घालून ती पुन्हा जागेवर आणता येते. नुसत्या घनतेने हे कधीच पकडता आलं नसतं. आमच्याकडे गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक, टक्क्यांत) धरून ठरतो. इथे एसएनएफही 8 च्या आसपासच भरलं.

मागून बोलणाऱ्याला पुढे बोलावून दोन्ही नमुन्यांचे आकडे वाचायला दिले. कॅन परत केला, आजींचं दूध पूर्ण दराने लिहिलं.