धुक्याच्या वर बसून वॉटरकलर

नोव्हेंबर लागला की इकडे स्वित्झर्लंडमध्ये लुझर्नच्या तळ्यावर धुकं ठाण मांडून बसतं, ऊन बघायचं तर डोंगर गाठायचा. परवा तळ्याकाठच्या फिट्सनाऊ गावाहून रिगी डोंगराची दातेरी रुळांची गाडी पकडली, १८७१ पासून चालू आहे ही, युरोपातली पहिली डोंगर-रेल्वे. अर्ध्या वाटेपर्यंत खिडकीबाहेर नुसतं करडं आणि मग एकदम लख्ख ऊन!

वर जवळपास १,८०० मीटरवर, खाली धुक्याचा समुद्र आणि पलीकडे बर्फाच्या रांगा. पॅन सेट (रंगांच्या वड्यांची डबी), पाण्याची बाटली, ३०० जीएसएमचा म्हणजे जाड कागदाचा पॅड काढला, बसले. धुकं आणि बर्फ म्हणजे कोरा कागदच सोडायचा, सगळी कसरत सावल्यांची. जवळचा कडा गडद, मागची रांग निळसर, त्याच्या मागची त्याहून फिकी. पण उन्हात कागद इतका चमकतो ना, की लावलेला रंग फिकाच वाटतो, म्हणून मी आपली अजून एक वॉश (पातळ रंगाचा थर), अजून एक वॉश... सावलीत नेऊन बघते तर रात्र झालेली चित्रात.

मग उन्हाकडे पाठ करून कागद स्वतःच्या सावलीत धरला. रंग आता नीट दिसायला लागले पण थंडीत वॉश वाळेना. पाच मिनिटं थांबले, दहा थांबले, बोटं बधिर झाली, शेवटी धीर सुटला आणि ओल्यावरच कड्याची रेघ ओढली. ती शांतपणे आकाशात पसरत गेली, कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी नक्षी. पुसायला गेले तर अजून वाढली. (पुसायला जाऊ नये, माहितीये मला!)

इंग्रज चित्रकार टर्नरने १८४२ मध्ये हाच रिगी रंगवला, निळा, लाल, गडद असा वेगवेगळ्या प्रकाशात, तोही तळ्याच्या लुझर्नकडच्या काठावरून बघून. आणि तो बाहेर बहुतेक पेन्सिलच चालवायचा, रंग नंतर खोलीत. शहाणा माणूस.

म्हणून तिसरं चित्र नुसतं पेन्सिलने, रंगांच्या नोंदी बाजूला, हातमोजे घालूनच. आता घरी टेबलावर सगळं मांडून बसलेय आणि मधल्या रांगेवर बाण काढून मी लिहिलंय ‘जा.’. जांभळा की जास्त, काही केल्या आठवत नाहीये.